झिता बुराचेव्स्काचे रविवार

पोलंडच्या लिथुआनियाकडल्या सीमेजवळ असलेल्या आमच्या गावात झिता बुराचेव्स्काला सगळे ओळखतात ते पाण्याच्या मीटरमुळे. दर तीन महिन्यांनी ती दारोदार फिरते, तळघरात उतरते, विजेरी दातांत धरून आकडे टिपून घेते. घर बंद असलं तर दारात चिठ्ठी खोचून जाते, ‘येऊन गेले, आकडा कळवा.’ एकदा माझ्या दारातल्या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘धुकं सकाळपासून ओट्यावर बसलंय, उठायचं नाव घेत नाही.’ मी चिठ्ठी घेऊन कुंपणापाशी गेलो.

“झिता, हा आकडा कुठे कळवायचा?”

ती कानापर्यंत लाल झाली. “आण इकडे. आणि कुणाला सांगितलंस, हुबर्ट, तर तुझं पाणी तोडीन.”

नऊ वर्षं शेजारी राहून मला ती कविता करते हे तेव्हा कळलं. तोवर तिची दोन पुस्तकं निघाली होती, इतकी बारीक की फडताळात उभी राहत नसत. शिवाय ती लिथुआनियन कविता पोलिशमध्ये आणायची. ती भाषा ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. तिची आई सीमेजवळच्या एका लिथुआनियन घरी गाई पिळायला जायची, आणि ही पोर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बायकांचं बोलणं ऐकायची. “मला शब्द आधी दुधाच्या वासासकट आले,” ती म्हणायची, “अर्थ फार उशिरा आला.”

अकरा वर्षं ती एकाच बाईच्या कवितांवर काम करत होती. तेओफिले तिचं नाव. सीमेपलीकडे, आमच्यापासून तासाभरावर, पाइनच्या जंगलाकडेला राहणारी म्हातारी. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, नुसती पत्रं. तेओफिलेबाई कडक. एकदा त्यांनी लिहिलं होतं, ‘तुमचा स्वल्पविराम माझ्या श्वासाच्या आधी पडतो.’ त्या एका स्वल्पविरामापायी झिता आठवडाभर घरात पुटपुटत फिरली होती. मग पत्रं थांबली. हिवाळा गेला, दुसरा आला, आणि फेब्रुवारीत तेओफिलेबाईंच्या मुलीचा, वाइवाचा, फोन आला. झिता फोन ठेवून तशीच माझ्या अंगणात आली. मी भट्टीपाशी विकायच्या माशांना धुरी देत होतो.

“हुबर्ट, गाडी चालू आहे ना तुझी? तेओफिलेबाई सगळं विसरत चालल्यात. आणि त्या लिथुआनियन बोलेनाशा झाल्यात. वाइवा म्हणते, आई काहीतरी पोलिशसारखं बोलते, मला एक अक्षर कळत नाही.”

“त्यांना पोलिश येते?”

“मला तरी कुठे माहीत होतं!”

रविवारी निघालो. रस्ताभर धुकं होतं. तळी गोठलेली, त्यांच्यावर मासे धरणारी माणसं बाकड्यांवर बसलेली, आणि धुक्यामुळे ती हवेतच तरंगताहेत असं वाटत होतं. सीमा कधी आली कळलंच नाही. झिता मांडीवर कवितांची वही धरून बसली होती आणि झाडं मोजावीत तशी एकेक ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

घर लाकडाचं, पिवळ्या रंगाचं. वाइवा दारातच उभी होती, पन्नाशीची, उंच, पिठानं हात भरलेले. आत खिडकीपाशी तेओफिलेबाई बसल्या होत्या, पक्ष्याएवढ्या. आम्हाला पाहून त्या स्वच्छ पोलिशमध्ये म्हणाल्या, “बूट पुसले का? आई रागावेल.”

ती पोलिश मोठ्या माणसाची नव्हती. सहा-सात वर्षांच्या मुलीची होती, आमच्याकडच्या जुन्या खेड्यांत बोलायचे तशी, शेवटचा स्वर ओढून. त्यांच्या बोलण्यातून आणि वाइवाला ठाऊक होतं त्यातून हळूहळू उलगडलं ते असं. त्यांची आई पोलिश. मुलगी सात वर्षांची असताना ती गेली. मावशीकडे, परक्या घरात, ही पोर लिथुआनियन शिकली, मोठी झाली, त्या भाषेत कवयित्री म्हणून नावाजली, आणि पहिली भाषा असल्याचं पोटच्या मुलीलाही कधी बोलली नाही. आता वरचं सगळं गळून गेलं होतं आणि तळाशी ती पोर तेवढी उरली होती. आई जिला तेओशा म्हणायची ती.

म्हातारीनं वाइवाकडे बोट करून झिताला काहीतरी विचारलं. वाइवा अधीर झाली. “काय म्हणते आई?”

मला वाटलं, आता ही एखादं गोड खोटं सांगेल. मी असतो तर सांगितलं असतं.

“त्या विचारतात, ही उंच बाई कोण,” झिता म्हणाली. “आणि म्हणतात, तिचे हात छान उबदार आहेत.”

वाइवा आत स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. मग ती बटाट्याचे मोठे गोळे घेऊन आली, पोटात मांस भरलेले, वर तळलेला कांदा, आणि आम्ही सगळे जेवलो.

जेवणानंतर झितानं वही उघडली. आधी मूळ लिथुआनियन वाचलं. शेजारच्या घरातला रेडिओ कानावर पडावा तसं म्हातारी ऐकत होती. मग तीच कविता झितानं पोलिशमध्ये वाचली, आणि म्हातारीची मान वर आली.

“हे कुणी लिहिलं?”

“तुम्ही.”

“चल! मला अजून लिहिता कुठे येतं.” मग थोडं थांबून, “एवढं एक खोटं आहे त्यात.”

“कुठलं?”

“तळं बर्फाखाली झोपलंय म्हणे. तळं झोपत नाही काही. ते श्वास धरून बसलंय. लपाछपीत बसतात तसं. आत्ता कुणीतरी शोधणार म्हणून.”

झिताकडे कोरा कागद नव्हता. कोटाच्या खिशातून मीटरची चिठ्ठी काढून तिनं ते टिपलं.

त्यानंतर दर रविवारी जायचं ठरूनच गेलं. बर्फ वितळलं, जंगलात ब्लूबेरी पिकल्या, वाइवाच्या अंगणात करकोच्याची पिल्लं उडायला शिकली. झिता वाचायची, तेओशा ऐकायची, मध्येच खोडायची. “शरद ऋतू ‘उदास’ नसतो, त्याला फक्त उशीर झालेला असतो.” “मेलेल्यांना हाक मारायची तर हळू मारा, ते दचकतात.” कधी ती अर्धा तास खिडकीच्या काचेवर बोटानं रेघा ओढत राहायची, आणि त्या खोलीत दुपार अशी थांबून राहायची की परतताना मला माझं वय आठवायला वेळ लागे.

मला तिथे काम नव्हतं. मी स्वयंपाकघरात वाइवासोबत बटाटे सोलायचो; सीमेपलीकडे मासे विकून मला बाजारापुरती लिथुआनियन येत होती, तीवर आमचं भागायचं. तिला पोलिश शिकायची होती, पुस्तकातली नव्हे, आईची. मी मासेवाला, मला जेवढी येते तेवढी शिकवली. ‘जेव.’ ‘थंडी वाजते का?’ ‘ये, वेणी घालू.’ तिचे उच्चार ऐकून मला हसू फुटायचं.

“हसू नका! असं बोलले तर आईला काय वाटेल?”

“वाटेल, कुणी कोबी तोंडात भरून बोलतंय. पण समजेल.”

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही पोचलो तर दोघी अंगणात होत्या. वाइवा आईची वेणी घालत होती आणि तोडकंमोडकं विचारत होती, “दुखतं का, तेओशा?” म्हातारी म्हणाली, “नाही ग. तू परक्या गावची ना? पण गुणाची आहेस.” वाइवाला ते कळलं. माझ्याकडे किंवा झिताकडे न बघता तिला ते कळलं.

इकडे वॉर्सातल्या प्रकाशकाला पुस्तक हवं होतं. झितानं त्याला नव्या ओळी वाचून दाखवल्या. तिच्या फोनचा आवाज कुंपणापलीकडेही ऐकू येतो.

“सुरेखच आहेत,” तो म्हणाला, “पण मुळात त्या नाहीत. मग हे भाषांतर कसं?”

“कवयित्रीनं स्वतः सांगितलंय.”

“कवयित्रीनं की सात वर्षांच्या मुलीनं?”

झितानं फोन ठेवला. चार दिवस ती मीटर वाचायला जायची, आकडे चुकवायची. पाचव्या दिवशी माझ्या भट्टीपाशी येऊन बसली.

“तो बरोबर बोलतोय, हुबर्ट. ज्या बाईनं तळं झोपवलं तिनं विचार करूनच झोपवलं होतं. माझ्या स्वल्पविरामावर भांडली ती. आता ती उत्तर देऊ शकत नाही म्हणून मी तिचं खोडायचं?”

“आणि ती पोर?”

“तिचं वेगळं छापू.”

मोठं पुस्तक मुळाबरहुकूम निघालं. तेओशाच्या ओळींची चोवीस पानी पुस्तिका झितानं जिल्ह्याच्या गावी छापून घेतली, आणि मग एक उलटंच काम केलं. जन्मात पहिल्यांदा तिनं पोलिशमधून लिथुआनियनमध्ये भाषांतर केलं. ती भाषा तिला बोलता यायची, पण लिहिताना घाबरायची. वाइवाच्या स्वयंपाकघरात ती एकेक ओळ वाचायची, वाइवा चूक सुधारायची, आणि आईचं बोलणं आईच्याच लिहिण्याच्या भाषेत ऐकून डोळे पुसायची.

तेओफिलेबाई नोव्हेंबरात गेल्या, दुपारी, खुर्चीतच. अंत्यविधीला त्यांच्या राजधानीतून लिथुआनियन लेखक मंडळी आली होती, भाषणं झाली. शेवटी वाइवा पुढे झाली आणि माझ्या मासेवाल्या पोलिशमध्ये म्हणाली, “थंडी वाजते का? मी आहे इथे.” लेखक मंडळी एकमेकांकडे बघू लागली. झितानं भाषांतर केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

पुढचा सबंध हिवाळा झितानं पेन हातात धरलं नाही. मार्चमध्ये एका सकाळी तिच्या खिडकीत ती लिहिताना दिसली, कोट न काढता, टोपीवरचं बर्फ तसंच. त्या वर्षी तिच्या स्वतःच्या एकोणीस कविता झाल्या. चार मला समजल्या.

हल्ली ती लिथुआनियातल्या कौनस शहरच्या एका तरुण पोराच्या कवितांचं भाषांतर करते आहे. सगळ्या बसथांब्यांवरच्या, दर थांब्यावर एक. मला नाही आवडल्या, तसं तिला सांगितलंही.

“आवडतील,” ती म्हणाली. “मलाही अजून नाही आवडलेल्या. अजून नवव्याच थांब्यावर आहे मी.”