नानांग लूमिंगच्या चार ओळी

कोमेद्यात, म्हणजे उत्सवातल्या राजा-राजकन्यांच्या पद्यनाटकात, नटाने काही पाठ करायचं नसतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला लाकडी खोपटात बसलेली बाई जी ओळ सांगेल ती ऐकायची आणि छाती काढून, सुरात, शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची. सापांग मुंती गावात ती बाई एकतीस वर्षं नानांग, म्हणजे मावशी, लूमिंग होती. सकाळी ती पुतो, म्हणजे तांदळाचे वाफेवरचे गोड केक, विकायची आणि एप्रिल लागला की दुपारी राजांना बोलायला लावायची. "माझ्यावाचून तुमचा सम्राट मुका आहे," असं ती तोंडावर सांगे. एरवी ट्रायसिकल चालवणारा सम्राट नुसता हसे. खोटं थोडंच होतं ते?

या वर्षी मात्र देल्फिन सरांनी घोळ घातला. शाळेत शिकवणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा, याच गावचा. त्याने नाटकाच्या हस्तलिखित वहीचे फोटो काढले, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकलं आणि भर तालमीत, बास्केटबॉलच्या मैदानावर मांडलेल्या रंगमंचासमोर, उत्सवप्रमुख तातांग सेतोंपुढे उभा राहिला.

"तातांग, राजकन्या मिरासोल वडिलांचा निरोप घेते ना, ज्याला सगळं गाव रडतं, त्या चार ओळी वहीत नाहीतच."

"मग कुठून आल्या?"

सरांनी खोपटाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"माझ्या आहेत," नानांग आतूनच म्हणाली. "बावीस वर्षांपूर्वी केल्या. पुतो वाफवता वाफवता."

बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. तातांग सेतो टोपी काढून डोकं खाजवू लागले. टोळधाड गाव सोडून गेली तेव्हा त्यांच्या पणजोबांनी शेतकऱ्यांच्या संताला, सान इसिद्रोला, नवस केला होता: दरवर्षी हेच नाटक, एक अक्षर न बदलता. "म्हणजे बावीस वर्षं आपण नवस मोडतोय, लूमिंग?"

"टोळ आले का परत?"

"थट्टा नको. वहीत आहे तेच म्हटलं जाईल. तुला जमत नसेल तर सर सांगतील."

नानांग खोपटातून बाहेर आली. गुडघे कुरकुरले, पण चेहरा शांत होता. जागा गेली तर गेली, पुतोचं पातेलं होतंच की. पण मिरासोलच्या तोंडून त्या ओळी निघतात तेव्हा समोरच्या बायका जे हाती लागेल त्याने डोळे पुसतात, हे तिनं त्या अंधाऱ्या पेटीतून बावीस वर्षं पाहिलं होतं. ते काढून घेतलेलं तिला चालणार नव्हतं. "बसा सर," ती म्हणाली. "उशी घ्या, खिळा टोचतो."

सर आत बसले. मिरासोल झालेली रोसेंदा, जी बाजारात तिलापिया मासे विकते, पुठ्ठ्याचा मुकुट सावरून पुढे आली. बँडने संथ चाल धरली.

"बापाच्या आज्ञेने मान खाली घाली," सर कुजबुजले.

"बापाच्या आज्ञेनेऽ मान खाली घालीऽ," रोसेंदाने हात पसरून म्हटलं.

"मिरासोल कन्या निमूट निघाली."

"मिरासोल कन्याऽ निमूट निघालीऽ."

सरांनी पान उलटलं, परत मागे उलटलं. "पुढे वाळवीनं खाल्लंय," ते पुटपुटले.

आणि रोसेंदाने, शिकवल्याप्रमाणे, छातीवर हात ठेवून, आकाशाकडे बघत, आर्त सुरात गावाला सांगितलं, "पुढे वाळवीनंऽ खाल्लंयऽऽ."

तिच्या नाटकातल्या बापाने, म्हणजे ट्रायसिकलवाल्या सम्राटाने, तलवारच टाकली. ट्रंपेटवाल्याला ठसका लागला. तातांग सेतोंनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण मिशी थरथरत होती.

"हसताय काय," रोसेंदा फणकारली. "आतून येईल ते म्हणायचं, असंच सांगितलंय ना मला?"

"बरोबर केलंस, पोरी," नानांग म्हणाली. मग तिनं खोपटात हात घालून सरांच्या मांडीवरची वही उचलली. "तातांग, चष्मा लावा. ही काळी शाई तुमच्या पणजोबांची. हे निळं बघा, या पानावर चिकटवलेलं. हे माझ्या वडिलांचं अक्षर, माझ्या आधी ओळी तेच सांगायचे. इथे युद्धाचं पान पुरात गेलं होतं, त्यांनी नवं केलं. खाली नावाची आद्याक्षरं घातली. आणि हे जांभळं त्यांच्या आधीच्या सांगणाऱ्याचं. कुणी म्हटलं का नवस मोडला? मी वाळवीनं खाल्लेलीच जागा भरली."

तातांग तिच्या हातातल्या वहीची पानं चाळत राहिले.

"मागचा पडदा बघा. तो राजवाडा किती वेळा रंगवला? गेल्या खेपेला रंगाऱ्याने खिडकीत मांजर काढलं. ते तर टोळधाडीच्या वेळी नव्हतं."

"मग तू का नाही लिहिलंस?" सरांनी विचारलं. आवाजात आरोप नव्हता, खरंच कळत नव्हतं त्यांना.

नानांगने बाजूची खुर्ची ओढली. "चूक तीच झाली. वहीत कुण्या बाईचं अक्षर नव्हतं. मला वाटलं, तोंडाने सांगितलं की पुरे. आपल्यानंतर कुणी विचारेल, हे कुणाचं, असं डोक्यातच आलं नाही." तिनं हात पुढे केला. "पेन द्या."

"लूमिंग, पंचांना विचारून..." तातांग म्हणाले.

"विचारा की. ते येईपर्यंत लिहून होईल."

तातांगनी वही मागितली नाही. त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून दिलं.

नानांग खुर्चीवर बसली. सरांनी खोपटातून बाहेर वाकून वहीखाली ड्रम धरला. चारही ओळींना एकच यमक, मधे श्वासाला जागा. हे सगळं ती बोटांवर मोजत आली होती, आता प्रथमच कागदावर दिसत होतं. ती सावकाश लिहीत गेली:

बाबा, तुझे राज्य तुझ्यापाशी राहो,
माझे हे पाऊल माझी वाट पाहो,
तलवार तुझी हा विरह साहो,
आणि माझे नाव वाऱ्यासंगे वाहो.

"लाल शाई आहे हो ही," सर म्हणाले. "माझं वह्या तपासायचं पेन तातांगांकडे राहिलेलं दिसतंय."

"बरं आहे. कोणती माझी ते चटकन ओळखू येईल."

खाली तिनं आद्याक्षरं घातली नाहीत. लूमिंगही नाही, खरं नाव पूर्ण लिहिलं: इलुमिनादा पांगानिबान. मग वर्ष. मग वही सरांच्या हातात दिली, खोपटाकडे बोट दाखवून म्हणाली, "उठा आता, माझी जागा आहे ती," आणि आत शिरता शिरता रोसेंदाला हाक मारली, "मुकुट सरळ कर. पहिल्या ओळीपासून."