अपडेट अडकलं की येणारा माणूस

"पह्यले पानी आना, मंग मशीन दाखवा," असं म्हणतच तो घरात शिरायचा. पेला पुढे केला तर पेल्याकडे पाहायचा, मग आपल्याकडे पाहायचा. आपण मुकाट्याने तांब्या आणायचा. तो रिकामा झाला की स्वारी कम्प्युटरची खुर्ची ओढायची. गोंदियाजवळच्या आमच्या फुलचुरात सगळे त्याला या तांब्यावरून चिडवत आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

असा एखादा माणूस तुमच्याही वस्तीत असेल. दुकान नाही, पाटी नाही. कोणाच्या तरी फोनमध्ये नंबर असतो आणि तो घरोघरी फिरतो. हा मूळचा दवनीवाड्याचा. आई तिकडेच राहायची, हा इथे एक खोली घेऊन एकटा.

त्याच्याकडे बहुतेक एकच दुखणं यायचं. आपल्याकडे आभाळ गडगडलं की घरातलं कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडतं. वीज पडून माणसं जातात इकडे, म्हणून ही सवय. पडद्यावर 'कम्प्युटर बंद करू नका' असं ठळक लिहिलेलं असलं तरी मेन पडतोच. एका वैशाखात आमच्या हिनेही तो पाडला. अपडेट अर्ध्यात तुटलं. लाइट लावल्यावर मशीन सुरू व्हायचं, गोल गोल फिरायचं, बंद पडायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

हिने त्याला विचारलं, सगळं गेलं का रे? त्याने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि आधी आमचे फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली. मग ते अर्धवट अपडेट उपटून मशीन मागे, पहिल्या स्थितीत नेलं, नव्याने चढवायला लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, आता होईल ते आपोआप, तू जा जेवायला.

"मधात सोडून नाही जाता येत, काका," तो म्हणाला.

आमच्या वरच्या खोलीत एक मॅडम भाड्याने राहायच्या. अर्जुनीकडच्या, इथल्या एका खाजगी शाळेत शिकवायच्या. त्यांच्या कम्प्युटरचं अपडेट फारच वेळा अडकायला लागलं. आभाळ निरभ्र, लाइट व्यवस्थित, आणि तरी अडकायचं. हा यायचा, वर जायचा, तांब्याही आता वरूनच मिळायचा. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहून हसत होतो. एकदा मी जिन्यात असताना त्याचा आवाज आला.

"मॅडम, हे तुमी मुद्दाम बंद करून राहिल्या."

"हो," मॅडम म्हणाल्या.

तो मशीन दुरुस्त करून खाली आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. नंतर बरेच दिवस त्याने त्यांचा फोन घेतला नाही. मला त्याचा रागच आला होता.

कारण कळलं ते थंडीत. आमच्याच घरी काम करताना तो खुर्चीवरून खाली सरकला आणि गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडला. ओरडला नाही, फक्त दात आवळून धरले. डोळे पिवळेजर्द. हिने गरम पाण्याची पिशवी आणली, मॅडम वरून धावत आल्या. कळ जरा ओसरल्यावर त्याने सांगितलं, सिकलसेल आहे, रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. अंगातलं पाणी कमी पडलं की रक्त अडकतं आणि हाडं दुखून माणूस वेडा होतो. चिखलात उभं राहून धानाची रोवणी करणं जमेना, म्हणून तो कम्प्युटर शिकला होता. त्या दिवशी मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात स्वतःचं रक्त तपासून घेतलं. त्या वाहक निघाल्या. म्हणजे त्यांना त्रास नव्हता, पण या दोघांची मुलं झाली तर त्यांच्या वाट्याला हा आजार येण्याची भीती मोठी होती. हे त्याला माहीत असणारच. आमच्या ओसरीत तो त्यांना समजावत बसला, हिला आणि मला साक्षीला घेऊन.

"मशीनले मांगं नेता येते, मॅडम. मले नाही नेता येत. कायले माह्या मांगं लागता?"

"मले लेकरं नको," मॅडम म्हणाल्या. "तुमी पायजे."

तो रडला. मी त्याला एवढं एकदाच रडताना पाहिलं. दिवाळीनंतर विहारात लग्न करायचं ठरलं. तोवर कोणाला सांगायचं नाही, गावी आईला तो स्वतः जाऊन सांगणार होता. त्या उन्हाळ्यात तो चांगलाच खुशीत होता आणि लोकांना मेन पाडण्यावरून नुसता दटावत सुटला होता.

श्रावणात ताप आला. ताप छातीत उतरला आणि दम लागायला लागला. आम्ही त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. रक्त चढलं, ऑक्सिजन लागला, पण तो सावरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आई गावाहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. वॉर्डातल्या माणसाने सहीसाठी मॅडमना विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? त्या म्हणाल्या, कोणी नाही. मग सही मी केली, शेजारी म्हणून.

पुण्यानुमोदनाला आम्ही दवनीवाड्याला गेलो. अंगणात मंडप, पांढऱ्या कपड्यातली माणसं, बुद्धमूर्तीशेजारी त्याचा फोटो. मॅडमही पांढरी साडी नेसून आल्या होत्या आणि पार मागे, चपलांजवळ बसल्या होत्या. त्यांची तिथे ओळख कोण आणि काय म्हणून करून देणार?

वंदना झाली. फुलं वाहायची वेळ आली तशी त्याची आई उठली. ती फोटोकडे न जाता बायांमधून वाट काढत सरळ मागे आली. मॅडमसमोर थोडी वाकून उभी राहिली.

"त्यानं फोनवर सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "काऊन इथं बसून राहिली? घरच्या मानसानं पह्यले फुलं वाहाची असतात."

म्हातारीने मॅडमच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि तशीच धरून पुढे नेलं.