कशेळीच्या ताई

आमच्या घरात पाऊल टाकण्याआधी ताई दारातच थांबून हातातल्या बांगड्या काढायच्या आणि रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायच्या. गावाहून अधूनमधून राहायला येणाऱ्या माझ्या सासूबाईंना ते मुळीच पटायचं नाही. बाईमाणसाने रिकाम्या हातांनी दुसऱ्याच्या घरात येऊ नये, असं त्यांनी एकदा तोंडावरच सुनावलं. ताई हसल्या. "आजी, तुमच्या नातीला किणकिण सहन होत नाही. बांगड्या काय, जाताना परत घालीन. पण ती एकदा मला घाबरली की जवळ यायला महिना लावेल."

माझी मुलगी मनू तेव्हा चार वर्षांची होती. बोलत नव्हती, हाक मारली तर वळून बघत नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगून कागदावर 'बिहेवियर थेरपी' लिहून दिलं होतं. आम्हाला दोन्ही शब्द नवीन. विचारत विचारत कशेळीला पोहोचलो. तिथे भावाच्या घराखालच्या दोन खोल्यांत ताई अशा मुलांना शिकवायच्या. आठवड्यातून तीन दिवस मी मनूला घेऊन कंटेनर-ट्रकच्या रांगेतून रिक्षाने जायचे, आणि शनिवारी ताई नारपोलीला आमच्या घरी यायच्या. घरी मूल कसं वागतं ते बघितल्याशिवाय शिकवायचं काय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला वहीत तीन रकाने आखून दिले. आधी काय झालं, मग मनूने काय केलं, आणि त्यातून तिला काय मिळालं. "मनूची आई, 'हट्ट केला' असं लिहायचं नाही. दिसलं तेवढंच लिहायचं." मी कंटाळत कंटाळत लिहीत गेले. लाइट गेली की मनू किंचाळत कान ओढायची. तिला उकडतं म्हणून मी पंख्याने वारा घालायचे, तर ती आणखी किंचाळायची. दोन आठवड्यांची पानं चाळून ताई म्हणाल्या, "हिला उकडत न्हाय. लाइट गेली की शेजारचे कापडाचे लूम बंद पडतात. हिला तो आवाज पाहिजे." जन्मल्यापासून मनू भिंतीपलीकडच्या त्या खडखडाटात झोपली होती. मी तिची आई, त्याच घरात राहणारी, नवरा लूमवरच ड्युटी करणारा, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ताईंनी तो आवाज मोबाइलवर भरून घेतला. लाइट गेली की तो लावायचा आणि दर चार दिवसांनी जरासा कमी करायचा. दीड महिन्याने लाइट गेली तेव्हा मनूने नुसतं भिंतीकडे बघितलं आणि ती परत डबे रचू लागली.

मग त्यांनी तिला चित्रांची कार्डं दिली. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड हातात ठेवायचं. कार्ड दिलं की त्याच क्षणी पाणी मिळायचं, आणि ताईंचं 'अरे वा' मिळायचं. मनूने पहिल्यांदा आपणहून कार्ड आणून माझ्या तळहातावर ठेवलं, तेव्हा मी पाणी द्यायचं विसरून रडत बसले. ताई ओरडल्या, "आधी पाणी द्या! तिने मागितलंय ना!"

अडचण मोबाइलची होती. मनू त्यासाठी जमिनीवर लोळायची आणि आम्ही तो देऊन मोकळे व्हायचो. ताईंनी मला आधीच बजावलं होतं. "रडून फोन मिळत नाही, कार्ड दिल्यावर मिळतो, हे तिला शिकवायचंय. पहिले आठ दिवस रडणं वाढेल. मी तिच्या बाजूला बसलेली असेन, तिला लागू देणार नाही. पण तुम्ही मध्ये पडू नका." मी मान डोलावली होती.

त्याच आठवड्यात सासूबाई अंबाडीजवळच्या गावाहून पुन्हा आल्या होत्या. त्याही कशेळीला आल्या. मनू फरशीवर किंचाळत होती, ताई तिच्या डोक्याखाली उशी सरकवून शेजारी शांत बसल्या होत्या. "पोरगी काळीनिळी झाली नि ही बसून बघतेय! माणूस हाय का कोन हाय?" असं म्हणत सासूबाईंनी मनूला उचललं आणि तिच्या हातात मोबाइल दिला. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मनूची आई, तुम्ही सांगा ना त्यांना." मी "राहू दे ताई, आम्ही निघतो," एवढंच म्हणाले.

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण बाहेर बाकावर तिथे शिकणाऱ्या मुलांच्या तीन आया बसल्या होत्या. सासूबाईंचा आरडाओरडा त्यांनी ऐकला होता. काय झालं, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, "इथे मुलांना नुसतं रडू देतात." मला सगळं माहीत होतं. तरी मी अर्धंच सांगितलं, कारण उरलेलं सांगितलं असतं तर मीच आधी मान डोलावली होती हे सासूबाईंना कळलं असतं.

पुढचं सव्वा वर्ष मनू दुसऱ्या एका ठिकाणी जात होती. तिथे तिची हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' म्हणायचे. ती 'गुड मॉर्निंग' म्हणायला शिकली आणि पाणी मागायला विसरली. एका दुपारी ती मला न्हाणीघरात सापडली, बादलीत तोंड घालून पाणी पिताना. दुसऱ्या दिवशी मी कशेळीला गेले.

खोल्यांत पुठ्ठ्याचे खोके भरलेले होते. ताईंचा भाऊ म्हणाला, "पोरं यायची बंद झाली वो. कुनीतरी उठवलं, ही पोरांना रडवते म्हनून. आता ती जव्हारकडे शालेत शिकवते. तुम्ही कोन?"

"ओळखीची," मी म्हणाले.

त्याने नंबर दिला. ताईंनी आवाज ओळखला आणि पहिला प्रश्न विचारला, "मनू पाणी मागते का?" त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर रविवारी त्या मला फोनवरून शिकवत राहिल्या. कार्डं पुन्हा सुरू झाली, वही सुरू झाली. दर रविवारी मी ठरवायचे की आज सांगायचं, आणि मनूचंच बोलून फोन ठेवायचे.

मग बाजारात त्या तिघींतली एक भेटली. मुलगा सोबत होता, कपाळावर टेंगूळ. घरीच असतो, भिंतीवर डोकं आपटतो, असं तिने सांगितलं. वर माझा हात धरून म्हणाली, "तू तेव्हा सांगितलंस ते बरं केलंस बाई." मी तिला तिथेच खरं काय ते सांगितलं. तिने हात सोडला आणि मुलाला घेऊन ती गर्दीत निघून गेली. ताईंचा नंबर घ्यायलाही थांबली नाही.

त्या रविवारी मी ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. त्याच बाईच्या नवऱ्याने तेव्हा सांगितलं होतं."

"मग वर्षभर मला शिकवलंत कशाला?"

"तुम्हाला न्हाय शिकवलं. मनूला शिकवलं." मग त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला जमतंय सगळं. रविवारचा फोन नका करू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला माफी मागता आली असती. मनू आता नऊ वर्षांची आहे. 'पाणी दे' असं तोंडाने म्हणते. ती पहिल्यांदा म्हणाली तो रविवार होता. मी नंबर काढला, बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि फोन बाजूला ठेवून तिला पाणी दिलं.