फरदडीचे पाच फायदे

प्रसेनजित तायडेने आजवर समुद्र पाहिलेला नाही, पण गोव्याच्या पाच निवांत किनाऱ्यांवर त्याचा लेख आहे. तो वाचून कुणी खरंच गोव्याला गेलं असेल, तर त्याने परत येताना संग्रामपूरला उतरू नये, एवढीच त्याची इच्छा.

संग्रामपूरच्या तहसील कचेरीसमोर त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात कागद गिळणारा एक प्रिंटर. पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या शिष्यवृत्त्या, सगळं तो भरून देतो. अर्जांचा हंगाम असला की दम घ्यायला फुरसत नसते आणि हंगाम सरला की दुपारभर माशा मारायच्या. अशाच एका दुपारी त्याला मोबाईलवर जाहिरात दिसली. घरबसल्या मराठीत लेख लिहा, जोडउत्पन्न मिळवा. मराठी टायपिंगची परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला होता. लेखक व्हायला आणखी काय लागतं, असं त्याला वाटलं.

वेबसाइट पुण्याची होती. विषय एक मॅडम फोनवर द्यायच्या. त्यांच्याशी बोलताना प्रसेनजित इतकी शुद्ध भाषा बोलायचा की बायको रेणुका स्वयंपाकघरातून डोकावून पाहायची, घरात कोण आलं म्हणून. मॅडमचा नियम एकच होता. मथळ्यात 'फायदे' पाहिजेत, कारण तोटे कुणी उघडून वाचत नाही. मग त्याने कारल्याचे फायदे लिहिले, अनवाणी चालण्याचे लिहिले, पहाटे लवकर उठण्याचेही लिहिले. हा शेवटचा लेख लिहिला त्या दिवशी तो आठ वाजता उठला होता आणि रेणुका शेतातून एक चक्कर मारून आली होती.

त्याला स्वतःला या लिखाणाचे फायदे झाले नाहीत असं तो म्हणत नाही. लेखामागे शंभर रुपये मिळत. मोबाईलचा रिचार्ज निघायचा, आणि पहिल्या पैशातून त्याने रेणुकाला फवारणीसाठी रबरी हातमोजे आणले. पण खरा फायदा वेगळाच होता. तहसीलसमोर तो नुसता फारमवाला होता. वेबसाइटवर त्याच्या लेखाखाली, नाव नसलं तरी, 'कृषितज्ज्ञ' असं लिहून यायचं. बुलढाणा जिल्ह्याचा माणूस म्हटल्यावर शेतीचे विषय मॅडमनी त्याच्याच गळ्यात मारले होते. गळ्यात पडलं ते त्याने मफलरसारखं मिरवलं. शेत घरी तीन एकर होतं खरं, पण ते रेणुका पाहायची. त्यात कपाशी आहे एवढं तज्ज्ञाला माहीत होतं.

अगदी एवढंच नाही म्हणा. सतरा सालचा एक दिवस त्यालाही विसरता येत नाही. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचं नाव संपलं असं सगळ्यांनीच मानलं होतं. पंधरा वर्षांत गुलाबी अळीने ती बीटीही पचवली. त्या दिवशी रेणुका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून ओटीतली बोंडं एकेक फोडून पाहत होती. वरून बोंड हिरवंगार, आत किडलेली सरकी आणि पिवळा पडलेला कापूस. वीस बोंडं फोडली, एकही निरोगी निघालं नाही. ती रडली नाही. उरलेली बोंडं तिने तशीच खाली टाकली आणि उठली.

पुढच्या साली रेणुकाने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून रान मोकळं केलं. पण त्यांच्या धुऱ्याला धुरा लागून जब्बारचाचांचं चार एकर होतं, आणि त्यात पऱ्हाटी उभी होती. नुसती उभी नव्हती, चाचा तिला पाणी देत होते. वेचणी संपल्यावरही झाडं ठेवली आणि पाणी दिलं की ती पुन्हा फुटतात, मार्चपर्यंत थोडाफार कापूस देतात. यालाच फरदड म्हणतात. पेरणीचा खर्च नसलेला कापूस कुणाला नको असतो? पण त्याच हिरव्या झाडांवर अळीचीही पुढच्या हंगामापर्यंत सोय लागते, आणि तिथून निघालेलं अळीचं पाखरू धुरा कुणाचा ते पाहत नाही.

रेणुका नवऱ्याला म्हणाली, "दिवसभर त्या मशिनीवर जगाले शहाणपन शिकवता. एक डाव चाचाले सांगा, पऱ्हाटी उपटा म्हना. नाही तं पुढच्या साली मी काही कपाशी लावत नाही. वावर तुमचं, तुम्ही करा."

शेवटच्या वाक्याने प्रसेनजितच्या तोंडचं पाणी पळालं. तो सकाळीच निघाला.

चाचा पाण्याच्या मोटारीजवळ निंबाखाली बसले होते. साठीचा माणूस, बोलायला गोड, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडायची नाही असा. त्यांनी त्याला बशीत चहा ओतून दिला.

"चाचा, पऱ्हाटी काऊन ठेवली अजून? अळी वाढते ना तिच्यानं."

"कोन म्हनते?"

"सगळेच म्हनतात."

"सगळ्याइले काय समजते बे." चाचांनी कुडत्याच्या खिशातून मोबाईल काढला, चष्मा चढवला. "हे पाह्य. गावाच्या ग्रुपवर आलं. शिकलेल्या मानसानं लिवलं."

मथळा होता, 'फरदडीचे पाच फायदे'. खाली चष्मा लावलेल्या, टाय घातलेल्या, हातात कपाशीचं पान धरलेल्या कुण्या गृहस्थाचा फोटो होता. बाकी सगळं प्रसेनजितचं होतं.

विषय आला तेव्हा त्याने कुरकुर केली होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "मॅडम, फरदड घेऊ नये असं सांगतात आमच्याकडे," असं तो म्हणाला होता. मॅडम म्हणाल्या, "मग शेवटी टाका ना एक ओळ, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा म्हणून." तज्ज्ञ तोच होता. त्याने स्वतःचा सल्ला घेतला नाही. अर्ध्या तासात चार फायदे बडवले, पाचवा काही केल्या सुचेना, तेव्हा बसस्टँडवरच्या टपरीत ऐकलेली एक गोष्ट ठोकून दिली.

चाचा लेख मोठ्याने वाचू लागले. एकेक शब्दावर बोट ठेवत, स्वल्पविरामाला थांबत. प्रसेनजितचं लिखाण इतक्या आदराने आजवर कुणीच वाचलं नव्हतं. रेणुकानेही नाही. लाज वाटायच्या आधी त्याला क्षणभर बरं वाटलं, हे तो आजही कबूल करतो.

"आता बोल," चाचा म्हणाले. "तू फारम भरतोस, हा मानूस तज्ज्ञ हाय. म्या कोनाचं आयकू?"

"चाचा, लिवनारे काहीही लिवतात."

"असं कसं? एवढ्या लोकाइनं वाचलं, काही खोटं असन काय?"

प्रसेनजितने मान फिरवली. धुऱ्यापलीकडे मोकळ्या रानात रेणुका वाकून चालत होती. उपटताना खाली गळालेली किडकी बोंडं ती एकेक वेचून टोपल्यात टाकत होती, जाळण्यासाठी. हातात तेच रबरी मोजे होते. जगात आपल्या लेखाचा परिणाम फक्त एकाच माणसावर व्हावा आणि तो नेमका आपल्या शेजारच्या वावरात राहावा, असं नशीब दुसऱ्या कुठल्या लेखकाचं नसेल. इथे गप्प राहिलो तर लेख आपला राहील आणि शेत जाईल, हे त्याला कळलं.

"चाचा, हा लेख म्या लिवला."

चाचा हसले. खूप हसले. "तू? मंग हा फोटो कोनाचा?"

"मले नाही मालूम. ते टाकतात कोनाचाही."

"जाय बे. चहा घे."

आपण लेखक नाही असं लोकांना पटवणारे पुष्कळ असतील. आपणच लेखक आहोत हे पटवताना घाम फुटलेला तो पहिलाच. शेवटी त्याने हत्यार काढलं. "पाचवा फायदा वाचा पुन्हा."

चाचांनी वाचला. 'संग्रामपूर तालुक्यातील एका प्रगतिशील शेतकऱ्याने फरदडीतून एकरी चार क्विंटल अतिरिक्त उत्पादन घेतले आहे.'

"हे तं मुद्द्याचं हाय," चाचा म्हणाले. "आपल्याच तालुक्याचा हाय. म्हनूनच तं म्या ठेवली पऱ्हाटी."

"तो शेतकरी म्हंजे तुम्हीच."

चाचांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"दोन सालाआंधी, बसस्टँडवर. चहा पेता पेता तुम्हीच म्हनलं होतं, एकरी चार क्विंटल झाला. म्या बाजूलेच बसलो होतो."

चाचांनी पुन्हा एकदा ते वाक्य वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

"चार नोहोता बे," ते हळूच म्हणाले. "दीड बी पुरा नोहोता. नसीमाचा भाऊ, माहा साला, बसला होता संगं. त्याच्यापुढं काय सांगू? म्हनून म्हनलो चार."

मग त्यांनी उठून मोटार बंद केली. परत आले ते आधी गालात, मग पोट धरून हसायला लागले. प्रसेनजितही हसला, पण त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चाचांनी आपली थाप मेव्हण्यापुरती ठेवली होती. त्याने ती टाय लावून गावभर फिरवली होती.

चाचांनी धुऱ्यावरूनच रेणुकाला हाक मारली, पऱ्हाटी उपटायचा चिमटा मागितला, आणि तिथल्या तिथे सगळी हकिगत सांगून टाकली. काहीही लपवलं नाही. रेणुका ऐकत राहिली. ती काय बोलेल याची प्रसेनजितला धास्ती होती. ती घरी गेली, दोन चिमटे घेऊन आली, एक चाचांना दिला आणि दुसरा नवऱ्याच्या हातात ठेवला. चार दिवस कृषितज्ज्ञ मजुरांसोबत चाचांच्या वावरात पऱ्हाटी उपटत होता. तळहाताला फोड आले, टायपिंग बंद पडलं.

पाचव्या दिवशी त्याने मॅडमना फोन करून लेख काढून टाकायला सांगितला. मॅडम म्हणाल्या, तो तर या महिन्यात सर्वाधिक वाचला गेलाय, दुसरा भाग द्या. तो म्हणाला, तोट्यांवर देतो. मॅडमनी फोन ठेवला. शंभर रुपयांचं लेखकपण तिथे संपलं.

तोटे त्याने तरीही लिहिले. फोडांवर चिंध्या गुंडाळून, दोन बोटांनी, एक अख्खी दुपार घालवून. खाली स्वतःचं नाव घातलं, तज्ज्ञ हा शब्द गाळला. हा कागद तहसीलसमोर दुकानाच्या दारावरच चिकटवायचा होता. छापण्याआधी त्याने चाचांना बोलावून पाचवा तोटा वाचून दाखवला, कारण त्यात त्यांचं नाव होतं. 'जब्बारभाई यांना फरदडीतून एकरी दीड क्विंटलही कापूस झाला नाही.'

चाचांनी ऐकून घेतलं. बाहेर नसीमाचा भाऊ मोटारसायकलवर बसून त्यांची वाट पाहत होता. चाचा टेबलावर वाकले.

"दीड नको लिवू बे," ते म्हणाले. "दोन कर."

प्रसेनजितने बाहेर पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि दीडच छापलं.