ओट्यावरची फांदी

आष्टीहून आमच्या गावाला येणारा माणूस कंडक्टरला थांब्याचं नाव सांगत नाही, 'वडाजवळ' म्हणतो. चलेजावच्या दिवसांत याच वडाखाली सभा भरत, असं जुनी माणसं सांगतात. लग्नाची बोलणी असो की भावकीचं भांडण, गाव इथंच बसतं. आई गेल्यापासून माझ्या बाबांची दुपारही वडाच्या ओट्यावरच जायची.

गेल्या पावसाळ्यात ओट्यावरून रस्त्यावर झुकलेल्या जाड फांदीला बुडाशी चीर पडली. काही जण तोडा म्हणाले. बाबा त्यांच्याशी भांडले. शेवटी पंचायतीनं भोवती नुसती दोरी बांधली. थोड्याच दिवसांत माणसं दोरीखालून वाकून आत जाऊ लागली, त्यात बाबा सगळ्यांच्या पुढे.

"बाबा, नका बसत जाऊ तिथं."

"माह्या आज्यानं याच्या सावलीत दिवस काढले. हे माह्या डोक्यावर पडन का?"

मी आष्टीला औषधांच्या दुकानात कामाला. बाहेर पाचोळा उडाला तरी माझे हात थांबायचे. फोन करावा, तर बाबा मोबाईल घरीच विसरलेले.

एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि वारं सुटलं. घरचा फोन वाजतच राहिला. मी स्कूटी काढली. वाटेत बाभळीच्या डहाळ्या मोडून पडल्या होत्या. त्या चुकवताना मला सारखी फांदीखाली सापडलेली बाबांची पांढरी टोपी दिसत होती.

गावात शिरले, तर ओटा रिकामा.

बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, ओलेचिंब, काठी आडवी धरून. समोर एसटी. शाळेतून आलेल्या मुलींना त्यांनी आधीच देवळात बसवलं होतं.

"बाबाजी, बाजूले व्हा ना!" ड्रायव्हर ओरडला.

"सवाऱ्या इथंच उतरव. पुढं नाई जायचं." मग मला पाहून हळूच म्हणाले, "ऐक, करकर करून राह्यली."

वाऱ्यातही तो आवाज मला ऐकू आला. आम्ही सगळे वर बघत भिजत राहिलो. फांदी पडली नाही. वारं पडलं.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच सरपंचांकडे गेले. "तोडा ते फांदी," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

फांदी दोरांनी बांधून उतरवली, तेव्हा सारा गाव जमला होता. कापल्या जागेतून पांढरा चीक गळत होता. बाबांनी शिडीवर उभ्या पोराच्या हाती शेणमाती दिली, ती नीट लिंपून घेतली.

वड उभा आहे. एसटी आता अलीकडेच थांबते. बाबा परत ओट्यावर बसतात.

"आता तरी भीती नाही ना वाटत?" मी परवा विचारलं.

"वाटते ना," ते म्हणाले. "बाकीच्या फांद्याही म्हाताऱ्याच हायेत."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि वर पाहिलं.