कुमाच्या हातची सुई

आमच्या बसस्टँडवर व्हेरित्सा अकरा वर्षं गाड्या पुकारतेय. मी शेजारच्या खिडकीत तिकिटं देते, म्हणून तिचं सगळं मला ठाऊक. पूर्वी तिने "बेओग्राद, फलाट तीन" म्हटलं की बाकावर पेंगणारा म्हातारासुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. मग तिचे ओठ सुजत गेले आणि शब्द तोंडातच घोळू लागले. ड्रायव्हर कॉफी प्यायला आले की त्यांना तेवढाच विषय पुरायचा.

"काय गं व्हेरित्सा, तोंडात आलुबुखार ठेवून पुकारतेस का?"

"तुझ्या बायकोला विचार, तीही त्याच खुर्चीत जाऊन बसते," मी खिडकीतून ओरडायचे. व्हेरित्सा मात्र मान खाली घालून वेळापत्रक वाचत बसायची. ते तिला पाठ होतं.

ती खुर्ची स्लाजानाच्या पार्लरमध्ये, मागच्या खोलीत आहे. स्लाजाना ही व्हेरित्साची कुमा. लग्नात तिच्या शेजारी साक्षीला उभी राहिली ती स्लाजाना, आणि पुढे लेकीच्या, तेओदोराच्या, बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेतलं तेही तिनेच. आमच्याकडे सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कुमाशी नाही. कुमा म्हणजे काही शर्टाचं बटण नाही, तुटलं की बदलायला, असं लहानपणापासून कानांवर पडतं. मला कुमा नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते.

पाच वर्षांपूर्वी स्लाजाना राजधानीला, बेओग्रादला, जाऊन ओठांत सुईने फिलर भरण्याचं दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आली. भिंतीवर प्रमाणपत्र लावलं, आणि पहिलं तोंड कुणाचं मिळणार? घरचंच. "कुमा, तुझ्यापासून सुरुवात केली की हाताला यश येईल," ती म्हणाली. व्हेरित्साला ओठ मोठे करायचे होते का? मी तिला विचारलं होतं. "मला काय करायचेत? पण ती इतक्या प्रेमाने म्हणाली," हे तिचं उत्तर. मला त्या दिवशीच तिला हलवून जागं करावंसं वाटलं होतं, पण मी गप्प बसले. तेवढी चूक माझीही.

पहिल्यांदा खरंच बरी दिसली. नवरा ऑस्ट्रियात गवंडीकाम करतो, त्याने फोनवर शिट्टी मारली. मग दोन महिन्यांनी स्लाजाना म्हणाली, आता उतरलं, थोडं भरू. पुन्हा दोन महिन्यांनी, एक बाजू कमी वाटते, थोडं भरू. आधीचं फिलर मुळात उतरलंच नव्हतं. ते आत होतं आणि त्यावर नवं चढत होतं. वरच्या ओठाला मावेना तेव्हा ते ओठाची कड ओलांडून नाकाखाली सरकलं. तिथे मिशी ठेवावी तशी एक फुगीर पट्टी तयार झाली आणि डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ आली.

गाठीवर आमच्या गावात एकच औषध असतं. ताप आला, रकिया. गुडघा धरला, रकिया. आलुबुखाराची ती कडक दारू पिण्याइतकीच चोळण्यासाठी काढतात, असं मला कधीकधी वाटतं. स्लाजानाने रकिया कोमट केली, फडकं भिजवलं आणि सांगितलं, "रोज अर्धा तास ठेव आणि बोटाने दाबून दाबून पसरव, जिरेल." व्हेरित्साने पंधरा दिवस इमानाने दाबलं. गाठ पसरली खरी, पण पार गालाच्या घडीपर्यंत.

मग मी तिला निश शहराच्या गाडीत बसवलं आणि स्वतःही बसले. त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण जिभेला धार होती. त्यांनी सोनोग्राफीची कांडी ओठावर फिरवली.

"किती वेळा भरलं?"

"चार वर्षांत अकरा वेळा," व्हेरित्सा म्हणाली.

"चार वर्षांत अकरा! अहो बाई, हा ओठ आहे की लोणच्याची बरणी? वर्ष वर्ष राहतं हे आत. थोडंसं भरायचं, डॉक्टरकडूनच भरायचं, आणि जुनं गेल्याशिवाय नवं नाही. भरल्यावर दोन आठवडे दाबायचं नाही, शेकायचं नाही. तुम्ही तर दाबलंत, शेकलंत आणि वर दारूही पाजलीत."

व्हेरित्सा रडायला लागली तेव्हा बाई जरा नरमल्या. विरघळवणारं इंजेक्शन असतं, त्या म्हणाल्या, पण ते एकाच जातीच्या फिलरवर चालतं. आत सिलिकॉन किंवा आणखी काही असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. "प्रत्येक सुईच्या डब्यावर नंबराची चिकटपट्टी असते. ती पेशंटला द्यायलाच हवी. जिने भरलं तिच्याकडून डबा आणा."

झालं! डबा मागायचा म्हणजे कुमावर संशय घ्यायचा. व्हेरित्सा तीन आठवडे त्या पार्लरसमोरून जात राहिली आणि दर वेळी काही न बोलता घरी आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहत होते. "आज विचारलंस?" मी म्हणायचे. "आज तिच्याकडे गर्दी होती," ती म्हणायची. सोमवारी पार्लर बंद असतं. सोमवारीसुद्धा तिने हेच सांगितलं.

त्यातच मे महिन्यात व्हेरित्साच्या घरची स्लावा आली, घराण्याच्या संताचा दिवस. स्लावेला आम्ही कुणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, येईल तो पाहुणा, आणि आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. कुमा तर पहिल्या खुर्चीवर. जेवण अर्ध्यावर असताना स्लाजाना ग्लास घेऊन उभी राहिली.

"आमच्या तेओदोराचा शाळेचा निरोप-समारंभ आलाय. सगळ्या पोरी नटून मिरवणार. तिला कुमाकडून भेट: ओठ! येत्या शनिवारी!"

पोरगी आनंदाने किंचाळली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हेरित्साच्या हातात कोबीच्या वळकट्यांचं पातेलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. "कुमाचा मोठेपणा," एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मिर्याना, मला नाही म्हणता येत नाही गं," ती म्हणाली. "जीभच उचलत नाही."

"मग पोरीचंही असंच तोंड बघत बस," मी म्हणाले. कठोर बोलले, पण मला राग आवरत नव्हता.

शनिवारी मीही गेले. तेओदोरा खुर्चीत मागे रेलून बसली होती, गळ्याभोवती टॉवेल होता. स्लाजानाने हातमोजे चढवले, पेन्सिलने पोरीच्या ओठाभोवती रेघ काढली आणि सुई उचलली. व्हेरित्सा दाराशी पर्स घट्ट धरून उभी होती. सुई ओठापासून चार बोटांवर आली असेल.

"कुमा, डबा दाखव," व्हेरित्सा म्हणाली.

"कसला डबा?"

"हे ज्यातून काढलंस तो. त्यावर नंबर असतो."

स्लाजाना हसली. "माझ्याकडे कागद मागतेस? तुझ्या पोरीला मी या हातांवर धरलंय!"

"म्हणूनच मागतेय."

"आणि इतकी वर्षं आयते ओठ मिरवलेस तेव्हा नाही मागितलास?"

"नाही मागितला. माझं तोंड बघ आणि सांग, मागायला हवा होता की नाही?"

स्लाजानाने खण ओढला आणि एक छोटी बाटली टेबलावर आपटली. डबा नव्हता, नंबर नव्हता, चिठ्ठीवरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता आली नाहीत. सीमेपलीकडून एक बाई पिशवीतून आणून देते म्हणे.

तेओदोरा उठून बसली. "आई, तुझ्यात हेच आहे?"

व्हेरित्साने मान डोलावली. पोरीने टॉवेल काढला आणि ओठांवरची रेघ त्याने पुसून टाकली. आम्ही बाहेर पडताना स्लाजाना मागून ओरडली, "या दारात परत पाय ठेवू नकोस! माझी कुमा मेली!" समारंभाला तेओदोरा स्वतःच्या पातळ ओठांनी मिरवली आणि सुंदर दिसली. मी उगाच नाही म्हणत.

निशच्या बाईंनी डब्याशिवायच तिला ते विरघळवणारं इंजेक्शन थोडं टोचून पाहिलं. उजवी बाजू ओसरली. डावी ढिम्म हलली नाही. तिथे काय आहे ते कुणालाच सांगता येईना, आणि कापून काढावं तर व्रण राहणार. व्हेरित्सा अर्धा ओठ घेऊन कामावर आली. ड्रायव्हरांनी टिंगल सोडली, आणि मला ते जास्त लागलं.

या वर्षीच्या स्लावेला तिने पहिल्या खुर्चीसमोर ताट मांडलं. मी म्हटलं, "कुणासाठी मांडतेस? ती वर्षभर रस्ता ओलांडून जाते तुला बघून." तिने ताटाशेजारी चमचा ठेवला.

दीड वाजता स्लाजाना दारात उभी राहिली. मे महिन्याच्या उन्हात तिने नाकापर्यंत रुमाल गुंडाळला होता. आत येणाऱ्याने आधी संताच्या नावाने उकडलेल्या गोड गव्हाचा एक चमचा खायचा, ही रीत. तेओदोराने वाडगा पुढे धरला. स्लाजानाने रुमाल खाली केला. नाकाखाली तीच पट्टी होती, डावीकडे तीच गाठ; त्याच बाटलीतलं तिने स्वतःलाही भरलं होतं. चमच्यातले गहू ओठांवरून सांडले.

"कुमा," ती हळूच म्हणाली, "निशच्या त्या बाईंचा पत्ता दे."

"देते," व्हेरित्सा म्हणाली. "त्या पहिल्यांदा डबा विचारतील."

"डबा नाहीये गं."

"माहीत आहे मला," व्हेरित्सा म्हणाली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.