नंबरवाली मॅडम

मॅडम बोलता बोलता जांभई द्यायच्या. तोंडावर हात न ठेवता, समोर कंपनीचा मोठा साहेब बसलेला असला तरी. एकदा मी दबकत म्हटलं, लोकांना वाटतं तुम्ही त्यांना कंटाळलात. तेव्हा त्या म्हणाल्या, "जांभई म्हणजे अपमान नाही, सुनंदा. ती माहिती आहे." आणि लगेच दुसरी दिली.

त्या बोधनिक मानसशास्त्रज्ञ होत्या. आमच्या कुंभवलीत हा शब्द सांगायची सोय नव्हती. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, माणसाचं लक्ष कसं लागतं, कशानं उडतं, डोक्यात काय राहतं, याचा त्या अभ्यास करतात. सासूबाईंची शंका वेगळीच होती. "म्हंजे येड्यांची डॉक्टर नाय ना?" नाही म्हटल्यावर मला कामाला जायची मुभा मिळाली. मी बी.ए. झालेली, मुलगी शाळेत जायला लागलेली, नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीत. मॅडमना इकडची बोली आणि कामगारांची हिंदी दोन्ही समजणारं माणूस हवं होतं.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती. अंधारी खोली, लुकलुकणारे दिवे, बटण दाबणारे विद्यार्थी. बरीच वर्षं त्यांनी थकव्यावर काम केलं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते सोडून बोईसरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं कोणी खरं थकलेलंच नसायचं. अर्ध्या तासानं सगळे कँटीनला जायचे."

इथं खरे थकलेले भरपूर होते. सकाळी सातला रात्रपाळी सुटायची तेव्हा आम्ही गेटबाहेर झाडाखाली दोन खुर्च्या टाकून बसायचो. मॅडम संथ आवाजात आकडे म्हणायच्या, समोरच्यानं ते उलटे म्हणायचे. आधी सगळे हसायचे. सुट्टीच्या दिवशी सहा-सात आकडे सहज उलटवणारा माणूस पाळी संपवून आला की तिसऱ्या आकड्यालाच अडायचा, आणि मग हसू थांबायचं. त्यांना 'नंबरवाली मॅडम' हे नाव बिहारकडच्या पोरांनी दिलं. चुकलेल्या माणसाला त्या कधी "चूक" म्हणायच्या नाहीत. "झोपा आता," एवढंच म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या कंपनीत अपघात झाला. मासवणचा रमण नावाचा ऑपरेटर होता. डोंगराकडच्या घरातला, पावसावरची थोडी शेती भावाच्या हाती देऊन इथं आलेला. त्यानं चुकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि खाली उभ्या असलेल्या त्याच्याच पाळीतल्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले. रमणला घरी बसवलं. मग व्यवस्थापकानं मॅडमना बोलावून घेतलं आणि फार गोड शब्दांत सांगितलं की याची बुद्धी तपासा, तो मंद आहे असं आम्हाला वाटतं, तसा कागद मिळाला तर प्रकरण मिटेल.

मॅडमनी रमणला आधी दोन दिवस झोपायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तपासलं. माणूस चांगला हुशार निघाला. मग त्यांनी त्याला विचारलं की त्या वेळी डोळ्यांपुढं काय होतं. त्यानं दोन्ही मुठी हवेत शेजारी-शेजारी धरल्या. मग म्हणाला, "दोनी दांडे सारकेच हाय, मॅडम. लागून दुसरी पाळी चालू होती. मला म्हायती होतं कोनता तो, पन हात गेला." नंतर त्यानं विचारलं, जोडीदाराचे हात बरे होतील का. त्या दिवशी आम्ही दोघी बोईसरपर्यंत चालत आलो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो व्हॉल्व्ह बघायला मागितला. एकाच हिरव्या रंगाचे दोन दांडे, मध्ये हातभर अंतर, पाट्यांवर धुळीचा थर. सोबत तीन अधिकारी होते. मॅडमनी त्यांना आकडे दिले, उलटे म्हणायला लावले आणि म्हणता म्हणता मध्येच विचारलं, आता डावीकडच्या टाकीचा व्हॉल्व्ह दाखवा. सकाळचे दहा वाजलेले, तिघेही नाश्ता करून आलेले. एकाचं बोट चुकीच्या दांड्यावर गेलं.

अहवाल मी टाइप केला. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे : "चूक रमणच्या हातून झाली, पण ती तिथं आधीच मांडून ठेवलेली होती." खाली मॅडमचं नाव, त्याखाली सहायक म्हणून माझं. ते घरी कळलं तेव्हा नवरा ओरडला नाही. ताटावरून उठला आणि म्हणाला, उद्या मलाही घरी बसवतील, मग दोघं मिळून आकडे मोजू. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, माझं नाव काढा. त्यांनी कारण विचारलं नाही. तो कागद काढला, नवा घातला आणि सही केली.

रमणला परत घेतलं नाही. तो मासवणला गेला, नंतर पालघरला एका गोदामात लागला. मॅडमना एकेका गेटवर परवानगी नाकारायला लागले. झाडाखालच्या खुर्च्या उचलल्या गेल्या. संशोधनाचं अनुदान पुढं मिळालं नाही. मग त्या पालघरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागल्या. अर्धा वर्ग रिकामा, पंखा बंद. काही महिन्यांनी नवऱ्यानं जेवताना सहज सांगितलं की त्या दोन दांड्यांपैकी एक लाल रंगवलाय आणि त्याची मूठही बदललीय. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं." मी म्हटलं, पण तुमचं नाव कुठंच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "लाल रंग दिसतोय ना? मग झालं."

दोन वर्षांपूर्वी गुडघे फारच धरले आणि त्यांनी कोल्हापूरला भावाकडं जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले. त्या आठवड्यात सासूबाई दवाखान्यात होत्या. माझी घर आणि दवाखाना अशी धावपळ चाललेली. पुस्तकं खोक्यात भरता भरता, इतकी वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं बोलले. म्हटलं, मॅडम, तेव्हा मी नाव काढायला नको होतं.

त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "तेव्हा तू थकलेली होतीस. घर, पोर, नवऱ्याची नोकरी. थकलेल्या माणसाच्या निर्णयाला मी मार्क देत नाही." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "आजही आहेस. पाच मिनिटं आडवी हो."

मी नको म्हणत कॉटवर टेकले.

जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. सगळी खोकी गेली होती, अंगावर त्यांची शाल होती, आणि मॅडम ते दुखरे गुडघे पसरून भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. टेम्पोवाला दारात येऊन म्हणाला, "उठल्या का ताई? पाऊण तास झाला. मॅडम मला हॉर्नही वाजवू देईनात."